नजर आणि नोंद

गिरगावातल्या चाळीत ज्याचे बालपण गेले, त्याला एकांत ही वस्तू प्रथम पुस्तकातच भेटते. आमच्या मजल्यावर अकरा बिऱ्हाडे होती आणि त्या सर्वांची दारे सकाळपासून रात्री निजानीज होईपर्यंत उघडी असत. कोणाकडे पाहुणा उतरला, कोणाची चूल आज उशिरा पेटली, कोणाचा मुलगा परीक्षेचा निकाल हाती घेऊन जिन्यावर रेंगाळतो आहे, हे सारे गॅलरीच्या कठड्यावरून सर्वांस एकाच वेळी कळे. दिवसाढवळ्या दार लागलेले दिसले, तर कोणीतरी कडी वाजवून ‘बरे आहे ना?’ असे विचारल्यावाचून राहत नसे.

अशा घरात वाढलेल्या मुलाच्या हाती १९७६ साली जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी पडली. ते आणीबाणीचे दिवस होते. वृत्तपत्रांवर नियंत्रण बसले होते, आणि एरवी कठड्याला रेलून राजकारणावर तावातावाने बोलणारी वडीलधारी माणसे आवाज उतरवून बोलू लागली होती. आदल्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून आणीबाणीचा उघड निषेध करणाऱ्या दुर्गाबाई भागवतांना त्याच वर्षी एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून पकडून नेण्यात आले होते. ज्या मित्राने मला ते पुस्तक दिले, त्याने त्यावर वर्तमानपत्राचे वेष्टण चढविले होते; ते कशासाठी, हे मी विचारले नाही व त्यानेही सांगितले नाही.

कादंबरीचा नायक विन्स्टन याच्या खोलीतील भिंतीवर एक पडदा आहे. तो बोलतो, ऐकतो आणि पाहतो. तो बंद करण्याची सोय नाही, आणि या घटकेला पलीकडून कोणी पाहत आहे की नाही, हे कळण्याचाही मार्ग नाही. खोलीत एकच कोनाडा असा, की जेथे त्या पडद्याची दृष्टी पोहोचत नाही. तेथे बसून विन्स्टन रोजनिशी लिहू लागतो. तो भाग मी गॅलरीतल्या दिव्याखाली वाचला, आणि प्रांजळपणे सांगायचे तर मला हसू आले. या साहेबाला पडद्याचे एवढे भय का वाटावे? आमच्या समोरच्या खोलीतल्या काकू त्या पडद्याहून तीक्ष्ण होत्या, आणि कोनाडा तर आमच्यापैकी कोणालाच लाभला नव्हता!

ते हसू विरायला पुढे पुष्कळ वर्षे लागली. ते कसे विरले, हेच येथे सांगावयाचे आहे.

ऑर्वेलच्या आधी रशियातील झाम्यातिन याने १९२०-२१ च्या सुमारास ‘आम्ही’ या अर्थाच्या नावाची एक कादंबरी लिहिली. तिच्यातील नगरात घरांच्या भिंती काचेच्या आहेत, माणसांना नावांऐवजी क्रमांक आहेत, आणि खिडकीचा पडदा ओढण्यास परवाना लागतो. ती वाचली तेव्हा वाटले, ही तर आमची चाळच! परंतु पुढे विचार करता दोन भेद ध्यानात आले. काकू मला पाहत, तसा मीही काकूंना पाहत असे. त्यांच्या हातातल्या पाटल्या कोणत्या महिन्यात दिसेनाशा झाल्या, हे मला ठाऊक होते; आणि मला ते ठाऊक आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमच्याकडे नजरेला परतीची नजर होती. दुसरा भेद असा, की चाळीत काहीच लिहून ठेवले जात नसे. चाळीचे मी गोडवे गात नाही. एका विधवा शिक्षिकेला सहकाऱ्याशी जिन्यात हसून बोलल्याबद्दल आमच्या मजल्याने किती छळले, ते मी पाहिले आहे. तथापि चाळीचा दुष्टपणाही विसराळू होता. यंदाची कुजबुज गतवर्षीच्या कुजबुजीला पुसून टाकी. काचेच्या नगरातील आणि विन्स्टनच्या खोलीतील नजर मात्र निराळी. तिला डोळे असतात, चेहरा नसतो. आणि तिच्यापाठोपाठ नोंद येते.

या नोंदीचे शास्त्र ऑर्वेलने पुस्तकांतून शिकलेले नव्हते. त्याचा जन्म बिहारातील मोतिहारीचा, १९०३ सालचा. आणि १९२२ ते १९२७ अशी पाच वर्षे त्याने ब्रह्मदेशात पोलिस अधिकारी म्हणून काढली. त्याचे शिक्षण झाले ते मंडालेस! मंडाले हे नाव मराठी वाचकाला परके नाही. त्यापूर्वी आठच वर्षे, १९१४ साली, लोकमान्य टिळक त्या गावच्या तुरुंगातून सुटून आले होते. तेथे ‘गीतारहस्य’ लिहिताना त्यांना सुटे कागद मिळत नसत. बांधलेल्या वह्या मिळत, आणि त्यांची पाने मोजून त्यांवर आकडे घातलेले असत. शाई नाही, पेन्सिल तेवढी. एक पान फाडून बाहेर धाडावे म्हटले तरी ते आकड्यावरून कळावे, ही त्यातली योजना. विचारावर पहारा बसविता येत नाही, म्हणून तो कागदावर बसविला. अशा व्यवस्थेच्या नोकरीत ऑर्वेल स्वतः होता. पाहणाऱ्याच्या जागी बसून आलेल्या माणसानेच पाहिल्या जाणाऱ्याची कथा लिहिली, हे मला फार मोलाचे वाटते.

आता घरची गोष्ट. १८९६ साली मुंबईत प्लेगाची साथ आली. घरोघर झडत्या होऊ लागल्या, आणि आजारी माणसाला उचलून इस्पितळात नेऊ लागले. इस्पितळाचे भय एवढे, की त्या ऑक्टोबरात गिरणीकामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला. आमच्या वाडीत एका बाईला ताप येऊन गाठ उठली. झडतीवाले आले तेव्हा मजल्यावरच्या बायकांनी एकमुखाने सांगितले, ‘ती गावी गेली.’ खोलीला बाहेरून कुलूप होते. मागच्या खिडकीतून माझी पणजी तिला पाणी देत असे. ती बाई वाचली नाही. आणि आठ दिवसांत त्याच मजल्यावरची आणखी दोन माणसे गेली. पणजी ही गोष्ट सांगताना तिचा शेवट कधी गाळीत नसे, असे आजी म्हणे. त्या बायकांनी बरे केले की वाईट, याचा निवाडा मला करता येत नाही. त्यांनी सांगितले नाही, परंतु पाणी नेऊन दिले, आणि त्याचा धोका आपल्या अंगावर घेतला, एवढे खरे.

त्या साथीत, १८९७ च्या फेब्रुवारीत, साथीच्या रोगांचा कायदा झाला. एकशे तेवीस वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, तोच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला. परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का उमटू लागला. आमच्या मजल्यावर, माझ्यापासून तिसऱ्या दारात, असा एक तरुण आपल्या वृद्ध आईजवळ येऊन राहिला होता. लहानपणी तो माझ्याकडे गणित शिकावयास येई; मला काका म्हणतो. एके रात्री अकराच्या सुमारास तो दार हळूच लोटून जिन्याकडे जाताना मी पाहिला. मी घरात आलो आणि मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर दूरध्वनी केला. पलीकडच्या बाईंनी त्याचे नाव, मजला व खोली विचारली. माझे नाव विचारले नाही. सकाळी गाडी आली आणि त्याला घेऊन गेली.

आईच्या हृदयविकाराच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि तो औषधवाल्याच्या दारावर थाप मारावयास निघाला होता, हे मला दुपारी कळले. नियम त्याने मोडला, यात शंका नाही. साथ खरी होती. माझे भयही खरे होते. त्याला थांबविणे योग्यच होते. परंतु थांबविण्यास एक हाक पुरली असती. ‘कुठे निघालास रे?’ एवढे मी कठड्यावरून विचारले असते, तर त्याने कारण सांगितले असते, आणि गोळ्या आणावयास मी गेलो असतो. हाक मारली तर त्याच्या डोळ्यांत पाहावे लागते, व उत्तर आले की आपल्यावर काही काम पडते. नोंद करणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. त्या रात्री मला दूरध्वनी सोपा वाटला तो यासाठी. विन्स्टनचा शेजारी पार्सन्स याला त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाशी कान लावून पकडून देते. १९७६ साली ती मुलगी मला अतिशयोक्ती वाटली होती.

२००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर सुमारे पाच हजार कॅमेरे बसले. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. हे दोन्ही आमच्या चाळीत यथावकाश पोहोचते. गेल्या वर्षी येथे चोरी झाली, आणि गॅलरीत कॅमेरे लावावे असा प्रस्ताव सभेत आला. मी विरोध केला नाही. एवढेच म्हणालो, की त्यांचा पडदा चिटणीसांच्या घरात न ठेवता खाली जिन्यापाशी, सर्वांस दिसेल असा लावावा, आणि आठवड्यामागे साठलेले सारे पुसून टाकावे. मंडळी हसली. ‘काका, मग कॅमेरा कशाला? आपण आहोतच की!’ असे कोणी म्हणाले. माझ्या सूचनेला अनुमोदन एकानेच दिले, आणि ते त्या तरुणाने.

त्याची आई होळीला अजून पुरणपोळीचे ताट पाठविते. रीतीप्रमाणे ते आम्ही रिकामे परत करीत नाही. दूरध्वनी कोणी केला, हे त्याने मला आजवर विचारलेले नाही. हे मासिक त्याच्याकडेही येते.