फाटलेला स्वर आणि मिरजेचा दोरा

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका खोलीत नातू केशरी पेटी पायाने दाबतो आणि गिटारचा स्वर फाटतो. मिरजेत तानपुऱ्यांची जवारी काढण्यात आयुष्य गेलेले आजोबा दारातून विचारतात, "स्पीकर गेला का रे?"

हे निदान इतिहासाला धरूनच आहे. १९६१ साली गाजलेल्या मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्यात ग्रेडी मार्टिन यांच्या गिटारचा स्वर ध्वनिमुद्रण यंत्रातील बिघाडामुळे घोगरा उमटला. तो तसाच ठेवला गेला. पुढच्याच वर्षी तो बिघाड हुकमी उत्पन्न करणारे 'फझ-टोन' पेडल बाजारात आले.

नातवाची पेटी म्हणजे बॉस कंपनीचे डीएस-१, मूळ १९७८ सालचे. त्यावर तीन नॉब. 'डिस्ट' वाढवला की ध्वनिलहरींचे माथे अधिक छाटले जातात आणि नवे उपस्वर जन्मतात. 'टोन' त्यांचा तीक्ष्णपणा ठरवतो. 'लेव्हल' केवळ आवाजाची पातळी. शेजाऱ्यांचा संबंध बहुधा या शेवटच्याशीच.

मात्र अनेक स्वर एकदम छेडले, तर उपस्वरांचा गलका होतो. म्हणून वादक पुष्कळदा षड्ज-पंचमावरच थांबतात. तानपुऱ्याची जोडीही बहुधा हीच. तेथे कारागीर घोडीचा माथा घासून, तारेखाली सुताचा दोरा सरकवून तारेला घोडीशी निसटती घासू देतो. गुंजन त्यातूनच उमटते. तेथे तार घासते, येथे विद्युतलहर छाटली जाते. साम्य ताणू नये.

नातू 'डिस्ट' निम्म्यावर आणून षड्ज-पंचम छेडतो. आजोबा उंबरठ्यावर थबकतात.

"पंचम उतरलाय. आधी तो मिळव."