‘लिला’ या शब्दाची वंशावळ

पुणे

चि. मृणाल,

तुझे पत्र पोहोचले. पिवळ्या रंगाचा डॅनिश शब्द मोटारीपुढे ‘गूल’, घरापुढे ‘गूल्त’ आणि अनेकवचनात ‘गूले’ अशी तीन रूपे घेत असता, फिकट जांभळ्याचा ‘लिला’ मात्र मोटार, घर आणि घरे या तिन्हींपुढे जसाच्या तसा का उभा राहतो, हा तुझा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कारण त्याचे उत्तर शोधू जाता वाट थेट आपल्या दाराशी येते.

डॅनिश भाषेने हा शब्द जर्मनकडून घेतला, जर्मनने फ्रेंचकडून. आणि मागे जाता अरबीच्या द्वारे आपण फारसीतील ‘लीलक’पाशी पोहोचतो. हे ‘नीलक’ म्हणजे निळसर या शब्दाचेच रूपांतर असून त्याचे मूळ संस्कृत ‘नील’ होय. धुतलेल्या धोतरांना आपण जी नीळ देतो, ती याच कुळातली. डेन्मार्कची वखार आपल्या देशात तरंगमबाडीस 1620 पासून 1845 पर्यंत होती खरी, परंतु हा शब्द त्या वखारीच्या जहाजांतून गेला नाही. तो खुष्कीच्या मार्गाने, एका फुलझाडाचे नाव होऊन गेला. सुलतान सुलेमानाच्या दरबारी सम्राट फर्डिनांडचा वकील असलेल्या बुसबेक याने ते झाड सोळाव्या शतकात इस्तंबूलहून व्हिएन्नास नेले, असे मानतात. नवल असे की, डॅनिश लोक त्या फुलाला ‘सिरेन’ म्हणतात आणि त्याचे जुने नाव केवळ रंगाला ठेवतात.

आता व्याकरणाची बाब. ‘लिला’च्या अंती जो आघातहीन ‘आ’ आहे, त्यावर डॅनिशचे प्रत्यय बसत नाहीत. ‘रोसा’ या गुलाबी रंगाच्या शब्दाचेही तसेच. आपल्या मराठीतही असेच दिसते: पडदा निळा, साडी निळी, आकाश निळे. पण फारसीतून आलेला ‘लाल’ तिन्ही लिंगांत लालच राहतो.

म्हणून अपवाद भेटला की त्याला भाषेची लहर समजून केवळ पाठ करू नकोस. तो कोणत्या मुलखातून, कोणाच्या हातून आला याची आस्थेने चौकशी कर, म्हणजे परकी भाषा शिकण्याचे श्रम तुला ओझे न वाटता विद्येचा आनंद देतील. प्रकृतीस जपावे.

तुझा,
काका