वस्तीची गाडी

"एवढे पैसे घातलेस, आणि झोपायचं कुठे तर गाडीत?"

अण्णांनी व्हॅनभोवती एक पूर्ण फेरी मारली, चारही टायरांना एकेक लाथ मारली (जुन्या ड्रायव्हर लोकांची गाडीला नमस्कार करायची हीच पद्धत) आणि मग हा प्रश्न विचारला. उत्तर माझ्याकडे तयार होतं. पण जो माणूस तेहेतीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर होता, आणि ज्याने त्यातल्या कितीतरी रात्री गाडीतच काढल्या, त्याला मी कोणत्या तोंडाने सांगणार, की अण्णा, इथे लोक हौस म्हणून गाडीत झोपतात?

असो. पहिल्यापासून सांगतो.

आम्ही ब्रिस्टलला राहतो. लेक पंधरा वर्षांची असताना शाळेच्या सहलीबरोबर डेव्हनच्या किनाऱ्यावर गेली आणि सर्फिंगचं खूळ घेऊन परत आली. दर शनिवारी तिला घेऊन जाणारा ड्रायव्हर कोण? मी. किनाऱ्यावर कुडकुडत बसण्यापेक्षा पाण्यात पडलेलं बरं, असं म्हणून शेचाळिसाव्या वर्षी मीही फळीवर पोटावर पडायला शिकलो. उभं राहायला आणखी एक वर्ष लागलं. आजही मी उभा राहतो ते देवळात साष्टांग नमस्कार घालून उठणाऱ्या आजोबांसारखाच, पण राहतो.

सर्फिंगची गंमत (आणि गोची) अशी की ते आपल्या वेळेवर चालत नाही. लांब अटलांटिकमध्ये कुठेतरी वादळ होतं, त्याची लाट दोन-तीन दिवस प्रवास करून आपल्याकडे येते. त्यात भरती-ओहोटी. आपल्या कोकणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत जेमतेम दोन-तीन मीटरचा फरक. ब्रिस्टलजवळच्या सेव्हर्न नदीच्या मुखाशी मोठ्या उधाणाला तो चौदा मीटरपर्यंत जातो, म्हणजे चार मजली इमारत. डेव्हनच्या किनाऱ्यावर तो त्याहून कमी, तरी पुष्कळ. क्रॉईडची लाट ओहोटीला उभी आणि पोकळ होते, ती लेकीसाठी. शेजारचं सॉन्टन म्हणजे लांबलचक सपाट वाळू आणि सावकाश येणारी शहाणी लाट, ती माझ्यासाठी. आणि ओहोटी जर सकाळी सहाला असेल, तर ब्रिस्टलहून निघायचं पहाटे साडेतीनला. असं दोन हिवाळे केलं. मग एकदा परतीच्या वाटेवर हायवेवर माझा डोळा लागला. सेकंदभरच. पांढऱ्या पट्टीवरून चाक गेलं, त्याच्या घरघरीने जागा झालो. शेजारी लेक गाढ झोपलेली. तिला हे आजही माहीत नाही (आता वाचेल!).

त्याच आठवड्यात मी व्हॅन शोधायला लागलो.

एका सुताराची जुनी पांढरी डिझेल व्हॅन मिळाली, चार हजार पौंडांना. आतली लांबी दोन मीटर चाळीस, उंची एक मीटर अडतीस. म्हणजे आत उभं राहता येत नाही, वाकून वावरायचं. माझी फळी साडेसात फुटी, ती पलंगाखाली बरोबर बसते. नऊ फुटीचा मोह झाला होता, पण ती गाडीतून अर्धा हात बाहेर आली असती. आधी गाडी मोजा, मग फळी घ्या, हा पहिला धडा.

सर्फर आणि व्हॅन यांचं नातं तसं जुनं. १९५० साली फोक्सवागनची ती प्रसिद्ध डबा-गाडी आली, वर्षभरात वेस्टफालिया कंपनीने तिच्यात पलंग-कपाटं बसवून दिली, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या पोरांना ती सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागली. फळी आत टाका, किनाऱ्यावर जा, तिथेच झोपा. आज तीच जुनी गाडी घ्यायची म्हटलं तर आमच्यासारख्यांनी घर विकावं लागेल. म्हणून सुताराची व्हॅन.

२०२३ चा अख्खा हिवाळा शनिवार-रविवार मी त्या पत्र्याच्या डब्यात गुडघ्यांवर काढला. पहिल्यांदा कळलं ते हे, की खरा शत्रू थंडी नव्हे, ओल. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, त्याची वाफ उघड्या पत्र्यावर बसते आणि पहाटे तुमच्या कपाळावर टपटपते. त्यात ओले वेटसूट. म्हणून पत्र्याच्या आत भरायला मी मेंढीची लोकर घेतली. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पिऊनही हाताला कोरडी लागते, आणि हवा कोरडी झाली की ती ओल परत सोडते. छतात एक छोटा पंखा बसवला. छताला भोक पाडताना हात थरथरत होते हे कबूल करतो. चांगल्या गाडीच्या डोक्यात आपल्या हाताने भोक पाडणं ही काही साधी गोष्ट नाही.

वीज: शंभर अँपिअर-अवरची वेगळी लिथियम बॅटरी. गाडी चालताना भरते आणि इंजिनाच्या बॅटरीला हात लावत नाही, म्हणजे रात्रभर दिवा-पंखा चालवला तरी सकाळी गाडी सुरू होते. पाणी: दोन कॅन. त्यातला एक निघताना गरम पाण्याने भरून टॉवेलात गुंडाळायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथला समुद्र आठ-नऊ अंशांवर असतो. बाहेर आल्यावर ते कोमट पाणी वेटसूटच्या गळ्यातून आत ओतलं की जे सुख होतं त्याला अभ्यंगस्नानाचीच उपमा.

आणि शेगडी. मार्चमध्ये पहिली रात्र एकटाच झोपायला गेलो. बाहेर वारा, म्हणून दार लावून, पंख्याचं झाकणही लावून, आत चहा ठेवला. चहा झाला, पण उबेसाठी शेगडी तशीच चालू ठेवली. थोड्या वेळाने डोक्यावरचा अलार्म कोकलायला लागला. कार्बन मोनॉक्साइड. वास नाही, रंग नाही, मला काहीही जाणवलं नव्हतं, फक्त छान सुस्ती आली होती. ती सुस्ती कसली होती हे दार उघडून वाऱ्यात उभं राहिल्यावर कळलं. वीस-पंचवीस पौंडांचा तो डबा मी आळसाने बसवायचा टाळणार होतो. तुम्ही कधी असली गाडी केलीत तर पलंग नंतर करा, आधी हा अलार्म लावा. आणि शेगडी ही उबेसाठी नसते.

एप्रिलमध्ये अण्णा आले. आई गेल्यावरचं पहिलंच वर्ष. चिपळूणच्या घरात ते एकटे नकोत म्हणून सहा महिन्यांसाठी आणलं. आमच्याकडे येऊन ते खिडकीत बसून राहायचे. बोलणं आमचं कधीच फारसं नव्हतं. लहानपणी आठवड्यातल्या तीन-चार रात्री ते घरी नसायचेच. "बाबा कुठे आहेत?" "वस्तीला." इतर मुलांचे बाबा रात्री अभ्यास घ्यायचे, माझे वस्तीला असायचे. त्याचा राग मी मनात किती वर्षं ठेवला ते मलाच माहीत.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. वस्तीची गाडी म्हणजे गावाला रात्री पोचणारी शेवटची एसटी. ती तिथेच मुक्काम करते आणि पहाटे पहिली गाडी म्हणून निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपणार. मागच्या लांब सीटवर कंडक्टर, उन्हाळ्यात टपावर ड्रायव्हर. उशाला वळकटी, पहाटे विहिरीचं पाणी, आणि गावातल्या एखाद्या घरून आलेला चहा.

तर टायरांना लाथा मारून झाल्यावर अण्णा आत डोकावले. भिंतीतली लोकर चिमटीत धरून म्हणाले, "घोंगडं नेसवलंस होय गाडीला?" मग पलंगाच्या सांगाड्यावर हात टेकून हलवून पाहिला. "कचकन ब्रेक मारलास तर हे कुठे जाईल?"

मी किती व्हिडिओ पाहिले होते. हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. मी पलंग लाकडी फरशीवर स्क्रूने बसवला होता. अण्णा म्हणाले, "हा येऊन तुझ्या मानगुटीवर बसेल." दुसऱ्या दिवशी सगळं उचकटलं आणि पलंग थेट गाडीच्या लोखंडाला बोल्टने जखडला. त्या दिवसापासून खिडकीतली खुर्ची व्हॅनच्या दारात आली. अण्णा सूचना द्यायचे, मी करायचो. जड सामान खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं. लाकूड लाकडाला भिडेल तिथे जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा, नाहीतर रात्रंदिवस खडखडेल. उतारावर मुक्काम असेल तर डोकं चढाकडे आणि चाकाखाली दगड. बायको म्हणाली, "चार महिन्यांत तुम्ही दोघं जेवढं बोललात, तेवढं मी लग्नानंतर एकूण ऐकलं नव्हतं." बोलणं सगळं नट-बोल्टांबद्दल होतं. पण होतं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी त्यांना घेऊन निघालो. लेकीने बाहेर तंबू टाकायचं कबूल केलं, आणि व्हॅनमध्ये अण्णा आणि मी. (किनाऱ्यावरच्या वाहनतळांवर रात्री झोपायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. एका शेतकऱ्याने टेकडीवरच्या कुरणात पैसे घेऊन मुक्कामाची सोय केली आहे, तिथे जातो.) पोचेपर्यंत नऊ वाजून गेले. आभाळ भरलेलं, मिट्ट काळोख. समुद्र खाली कुठेतरी गाजत होता.

आम्ही दिवा मालवून पडलो. चाळीस वर्षांत बापलेक एका अंथरुणावर झोपलो नव्हतो. मला वाटलं झोपले. तेवढ्यात म्हणाले,

"वेळणेश्वरला असाच ऐकू यायचा."

"पाण्यात उतरलात कधी?"

"पहाटे साडेपाचची गाडी. उतरणार कधी?" मग जरा वेळाने, "तू आला होतास एकदा."

आलो होतो. नऊ वर्षांचा असताना, दिवाळीच्या सुट्टीत, हट्ट करून. रात्रभर लाटा ऐकल्या आणि समुद्र दाखवा म्हणून मागे लागलो. "सकाळी बघू" म्हणाले. सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी घाट चढत होती. मी चिपळूणपर्यंत रडलो होतो. ते त्यांच्या लक्षात असेल असं मला वाटलं नव्हतं.

"उठवणार होतो तुला," अण्णा म्हणाले. "पहाटे खाली जाऊन उभा राहिलो. काही दिसत नव्हतं रे. काळोखच होता. म्हटलं, पोराची झोप कशाला मोडा."

मला काही बोलता आलं नाही. पंखा बारीक घरघरत होता. थोड्या वेळाने ते घोरायला लागले.

पहाटे जाग आली तेव्हा शेजारी कोणी नव्हतं. समोरची काच आतून पुसलेली. बॉनेट उघडून ऑइल बघून झालेलं असावं, कारण काळं फडकं डॅशबोर्डवर होतं. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसलेले, कानटोपी, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाहेर नुकतं फटफटत होतं. बहुधा बराच वेळ ते तसेच बसून होते.

माझी हालचाल जाणवली तशी मागे न बघताच म्हणाले, "ऊठ. समुद्र दिसतोय."

दोघं पुढे बसलो, दार सताड उघडं ठेवून चहा केला. ओहोटी लागली होती आणि सॉन्टनची वाळू मैलभर उघडी पडत चालली होती. लाटा लांबून, रांगेत, बिनघाईने येत होत्या. साडेआठला मी आणि लेक पाण्यात होतो. मी चार वेळा पडलो, पाचव्यांदा उभा राहिलो आणि किनाऱ्याकडे पाहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून अण्णा घोटाभर पाण्यात उभे होते.

ऑक्टोबरात ते चिपळूणला परत गेले. रविवारी फोन येतो. आधी विचारतात, "गाडी काय म्हणते?" मग नात, मग सूनबाई, आणि वेळ उरला तर मी. मी गाडीचं सगळं सांगतो. काय वाजतंय, ब्रेक कसे लागतात, मागचा टायर किती झिजलाय. सगळं ऐकून घेतात आणि शेवटी न चुकता म्हणतात, "झोप आली की बाजूला घे. पलंग आहे ना आता."

तो हायवेचा प्रसंग मी त्यांना कधीच सांगितलेला नाही.