हुरूप मागाहून येतो

दिवाळीच्या सुमारास पुण्यात पहाटेच्या सायकली वाढतात आणि संक्रांत येईपर्यंत त्यांतल्या कितीतरी जिन्याखाली, भिंतीला टेकून उभ्या राहतात. पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असतो, पांघरुणाबाहेर पाय काढवत नाही आणि मग खापर आळसावर किंवा कमी पडलेल्या जिद्दीवर फोडलं जातं. हे निदान मला पटत नाही. थंडीत सायकल सुटते ती हुरूप नसल्यामुळे नाही, तर हुरूप आला की निघू या समजुतीमुळे. हिवाळ्यात तो घरात येतच नाही. शरीराच्या उबेसारखा तोही रस्त्यावर, थोडं अंतर कापल्यावर येतो.

या उबेचा हिशेब प्रत्येक सायकलस्वाराला ठाऊक असायला हवा. स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचतो, उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. पॅडलवर शंभर वॉटचा जोर लावणारा माणूस तीनशे-चारशे वॉट उष्णता तयार करत असतो, म्हणजे एखाद्या लहानशा हीटरइतकी. अडचण इतकीच, की ही शेगडी धगायला आठ-दहा मिनिटं लागतात आणि वारा मात्र पहिल्या पॅडलपासून झोंबतो. हवा दहा अंशांवर असताना ताशी वीस किलोमीटर वेगाने निघालं, तर उघड्या कातडीला ती सुमारे सात अंशांसारखी लागते. थंडीतल्या सायकलीबद्दलची बहुतेकांची मतं या पहिल्या दहा मिनिटांत बनतात, आणि ही दहा मिनिटं पुढच्या तासाबद्दल काहीच सांगत नाहीत. कपडेसुद्धा दहाव्या मिनिटाचा विचार करून घालावेत. दारात उभं असताना किंचित कुडकुडायला झालं, तर बेत बरोबर जमला आहे. जाड स्वेटर चढवून निघालेला माणूस तिसऱ्या किलोमीटरला घामाने भिजतो आणि ओल्या कपड्यांत खरा गारठतो. बोटांना मात्र हा नियम लागू नाही. छाती-पोटाची ऊब राखण्यासाठी शरीर हातापायांकडे जाणारं रक्त आवरतं, हँडलवर बोटांची फारशी हालचाल होत नाही, आणि ब्रेक तर त्यांनाच दाबायचे असतात. स्वेटर घरी राहिला तर चालेल, हातमोजे राहून चालणार नाहीत.

फिनलंडमधलं औलू हे शहर उत्तर ध्रुववृत्तापासून पावणेदोनशे किलोमीटरांच्या आत आहे. वस्ती दोन लाखांहून थोडी जास्त. डिसेंबरच्या अखेरीस तिथे जेमतेम साडेतीन तास सूर्य दिसतो, उणे वीस अंश ही बातमी होत नाही, आणि तरीही बर्फातून सायकलने शाळेत जाणारी मुलं हे तिथलं रोजचं दृश्य आहे. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 मध्ये भरली ती याच गावात. तिथली माणसं आपल्यापेक्षा कणखर आहेत, असं मी मानत नाही. टोरांटोचा जानेवारी औलूपेक्षा उबदार असतो, तरी तिथे हिवाळ्यात सायकलवर दिसणारी माणसं कितीतरी कमी. फरक रस्त्याचा आहे. औलूत नऊशे किलोमीटरांहून अधिक सायकलमार्ग आहेत आणि मुख्य मार्गांवरचा बर्फ लोक कामाला निघण्याआधी हटवला जातो. खाली दाबून घट्ट केलेल्या थरावर बारीक खडी पसरतात, म्हणजे चाक घसरत नाही. सकाळी तिथल्या माणसाला स्वतःशी झगडावं लागत नाही, कारण तो झगडा नगरपालिकेने पहाटेच मिटवलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, की मग आपल्याकडे हे जमणारच नाही, आपल्याला ना तसे मार्ग ना तशी पालिका. मार्गांची मागणी लावून धरायलाच हवी. पण औलूची रीत घरात आणता येते. सकाळचे निर्णय आदल्या रात्री उरकायचे. कपडे खुर्चीवर, दिवा चार्ज केलेला, बाटली भरलेली, रस्ता ठरलेला. चाकातली हवाही रात्रीच बघावी. तीस अंशांच्या दुपारी साठ पीएसआय भरलेलं चाक दहा अंशांच्या पहाटे पंचावन्नवर आलेलं असतं. सायकल जड चालते, आणि दोष मात्र आपण पायांना देतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर निवते, तिला लागून थंड हवेचा थर बसतो, त्यावर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि धूर-धूळ खालीच कोंडते. पहाटेची हवा ताजी असते हा समज शहरात पुष्कळदा खोटा ठरतो. तेव्हा जिद्दीने पाचला निघण्यात मला शहाणपण दिसत नाही. जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या पुढे उगवतो. तो वर येऊन धुकट थर विरला की निघावं, मोठ्या रहदारीचा रस्ता टाळावा, आणि हवा फारच वाईट असेल त्या दिवशी सायकल खुशाल घरी ठेवावी. दम्याच्या माणसाने तर डॉक्टरांना विचारूनच ठरवावं, कारण थंड, कोरडी हवा जोरात ओढली की श्वासनलिका आकसू शकतात. नाकातोंडावरून घेतलेला मफलर आत जाणारी हवा थोडी उबदार आणि ओलसर करतो. तो पुष्कळांना पुरतो, सगळ्यांना नाही.

घाट चढणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. सिंहगडाच्या चढावर अंग तापतं, बनियन भिजतो, वर चहा होतो, आणि मग उतारावर पॅडल थांबतात. शेगडी विझलेली, वारा दुप्पट, कपडे ओले. सबंध फेरीत सगळ्यात जास्त थंडी वाजते ती इथे. पाठीवरच्या पिशवीत कोरडा बनियन आणि विंडचीटर हवा. तो नसेल तर युरोपातल्या डोंगरी शर्यतींतले जुने सायकलपटू करायचे तेच करावं: चहाच्या टपरीवरून कालचं वर्तमानपत्र मागून घ्यावं, घडी उलगडून सदऱ्याच्या आत छातीवर पसरावं, आणि मग उतार घ्यावा.