घडी जुळली नाही म्हणजे चुकलं का?



सममितीचा पाठ आपण सगळेच हौसेनं घेतो. कागदावर रंगाचा थेंब टाकायचा, घडी घालून दाबायची, उघडली की फुलपाखरू तयार! मुलं खूश. पण पाठ संपला की वर्गात एक गोष्ट हमखास होते. ज्या आकृतीची घडी जुळत नाही तिला मुलं सरळ "चुकलेली" म्हणतात.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचा एक पाय जरा आखूड आहे. एकदा या पाठानंतर ती टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "बाई, मग मी पण चुकलेली का?" तेव्हापासून मी सममितीनंतर एक अख्खा तास असममितीला देते.

आधी शब्द समजून घेऊ. असममिती म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजू सारख्या नसणं. प्रमाण नसणं ही वेगळी गोष्ट. त्यात एखादा भाग बाकीच्यांच्या मानानं फार मोठा किंवा फार लहान असतो. माणसाचं चित्र काढलं, दोन्ही बाजू अगदी सारख्या, पण डोकं धडाएवढं! इथे सममिती आहे, प्रमाण नाही. आता झाडांना पाणी घालायची झारी बघा. एका बाजूला तोटी, दुसऱ्या बाजूला मूठ. घडी जुळणार नाही, पण काम चोख. दोन्हीकडे तोट्याच असत्या तर धरली कुठे असती?

मग मी मुलांना छातीवर हात ठेवायला सांगते. बाहेरून आपण दोन्हीकडे सारखे दिसतो, आतून मात्र नाही. हृदय डावीकडे झुकलेलं, यकृत मुख्यतः उजवीकडे. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोनच, कारण तिथे हृदयाला जागा लागते. ही चूक नाही, सोय आहे.

नंतर फळ्यावर सह्याद्री. कोकणाच्या बाजूला सरळ तुटलेले कडे, पूर्वेला हळूहळू उतरत जाणारं पठार. म्हणून तर त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावलेली गोदावरी सुमारे ८० किलोमीटरवरचा अरबी समुद्र सोडून जवळजवळ १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला जाते. नाशिक, पैठण, नांदेड यांना गोदाकाठ मिळाला तो या एका बाजूच्या उतारामुळे.

अक्षरांचंही तसंच. 'व'ला उजवीकडे वळण दिलं की 'क' होतो. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात असा हट्ट धरला तर आपली अर्धीअधिक बाराखडी बाद होईल.

आणि प्रमाण? तेही प्रत्येक वेळी चुकलेलं नसतं. नकाशात प्रमाण पाळावंच लागतं, नाहीतर अंतर कळणार नाही. पण पहिलीतलं मूल आईचे हात मोठे काढतं, तेव्हा त्याला अंतर मोजायचं नसतं. त्याला जेवू घालणारे, वेणी घालणारे हात महत्त्वाचे वाटतात. तिथे लाल पेन खाली ठेवावा.

उपक्रम : मुलांना घरातल्या पाच असममित वस्तू शोधून आणायला सांगा. प्रत्येकीपुढे एकच वाक्य लिहायचं, ही अशी का आहे? विळी, चप्पल, कप, कात्री, कुलूप... यादी वाढतच जाते. "चुकलेली" हा शब्द मात्र त्या यादीत कुणी लिहीत नाही.