वहीचं शेवटचं पान

ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्याला शिस्त नाही, असं मी वीस वर्षं मानत आले. मी नगरला एका महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. शिष्यवृत्ती जमा झाली की आठवड्यात खडखडाट आणि परीक्षेच्या फीला पुन्हा मुदत, असं करणाऱ्या मुलांना मी भर वर्गात उधळे म्हटलंय.

पाथर्डीकडचा एक मुलगा ‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात काम करायचा. तोही मुदत मागायला आला. “परवाच पैसे आले ना? गेले कुठं?” मी सगळ्यांसमोर विचारलं. तास संपल्यावर तो थांबला आणि त्यानं वहीचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. मेस, दोन महिने. झेरॉक्स. खोलीतल्या मित्राचे बाराशे. बहिणीचा दवाखाना. प्रत्येक ओळीवर पट्टीनं मारलेली काट, शेजारी तारीख. सगळीकडं एकच तारीख होती, पैसे जमा झाले त्या दिवसाची.

“ठेवून काय करू मॅडम? आले तेव्हाच ते दुसऱ्याचे होते. घरी उचलीचंही असंच असतं.”

त्याचे आईवडील ऊसतोडीला जायचे. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती घरातच संपायची, मग थंडीभर कोयता चालवून फेडायची. हे मला ऐकून माहीत होतं. पण त्या पट्टीच्या रेघांवरून माझी नजर हलेना. इतका चोख हिशेब माझ्या घरी कधीच नव्हता. मी उधळपट्टी म्हणत होते ती परतफेड होती.

पुढं 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला एक अभ्यास वाचला. तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची तोडणीआधी, चणचणीच्या दिवसांत आणि नंतर पैसे हाती आल्यावर आकलनाची चाचणी घेतली होती. तेच शेतकरी तोडणीआधी कमी पडले होते. पैशाची काळजी डोक्यातली जागा व्यापते. तीच काळजी माझ्यासमोर बाकावर बसलेली असायची आणि मी तिला ‘लक्ष नाही’ म्हणायचे.

माझा पगार दर महिन्याला होतो. त्या जोरावर मी स्वतःला काटकसरी समजत होते. आता अंदाजपत्रक शिकवताना आधी विचारते, “तुमच्या घरी पैसा कधी येतो?”

त्या मुलाला मुदत दिली, तीही उपकार केल्यासारखी. माफी मागितली नाही. उधळा म्हटलं होतं ते वर्गात, माफीही वर्गातच मागायला हवी होती.