बढतीचा कागद आणि घरचा हिशेब

मैत्रिणींनो, आज जरा कचेरीतलं बोलते. तुमच्यापैकी पुष्कळजणी, नाहीतर तुमच्या लेकीसुना, आता बांधकाम, पाटबंधारे, पाणीपुरवठा अशा खात्यांत कनिष्ठ अभियंता आहेत. नोकरी लागेपर्यंतचा सल्ला सगळेच देतात. पण दहाबारा वर्षं झाल्यावर पुढं कसं सरकायचं, हे कोणी सांगत नाही.

मी तळोद्याची. घरी सासूबाई, शिक्षक नवरा आणि नववीतली मुलगी. उपअभियंता म्हणून बढती आली ती थेट धडगावला. सासूबाई म्हणाल्या, "कशी जाशी व माय तठे?" शेजारणींना तर ही शिक्षाच वाटली. चांदसैलीचा घाट, पावसाळ्यात दरडी! अशा वेळी बाईमाणसानं एकच अर्ज करावा अशी सगळ्यांची अपेक्षा असते : घरगुती अडचणीमुळे बढती नको.

तो अर्ज त्याच रात्री लिहू नका, बरं का! आधी हिशेब मांडा. बढती नाकारली की नुसती खुर्ची जात नाही. आश्वासित प्रगती योजनेच्या वरच्या वेतनालाही मुकावं लागतं. उलट, २००२ च्या शासन निर्णयाप्रमाणे आदिवासी क्षेत्रात काम करीत असेतो एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते. हे आकडे मी यजमानांपुढे ठेवले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वरणभात मला येतो. भाकऱ्यांचं आईला विचारू."

सोमवार ते शुक्रवार मी धडगावला खोली घेऊन राहिले. मुलीच्या आजारपणात एकदा घाट बंद होता. त्या रात्रीबद्दल मी काही लिहीत नाही.

पण काम? शहरात एकाच टेबलावर वर्षंच्या वर्षं जातात. इथं रस्ता, फरशी पूल, शाळाखोली, नाल्यावरचा बांध, सगळं हाताखालून जातं. पुराचं पाणी कुठवर चढतं, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना विचारायचं. ते खडकावरची खूण दाखवतात. मग पुलाची उंची ठरवायची. हे पुस्तकात शिकून येत नाही.

कचेरीच्या मोजमाप पुस्तकाखेरीज स्वतःची एक साधी वही ठेवा. कामाचं नाव, अंदाजपत्रकाची रक्कम, सुरुवात, शेवट, आणि आपण स्वतः काय निर्णय घेतला ते. वर्षाअखेरी स्वयंमूल्यांकन लिहिताना बायका "नेमून दिलेली कामे पूर्ण केली" एवढंच लिहितात. कुठली कामं? किती? वही असली की ओळी आपोआप भरतात.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एका वरिष्ठांनी माझा गोपनीय अहवाल उतरता लिहिला होता, आणि मला तो पुष्कळ उशिरा कळला. आता तसं गप्प बसायचं कारण नाही. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली सांगितलं आहे, की अहवालातली प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, चांगलीसुद्धा. तेव्हा प्रत मागा. शेरा पटला नाही, तर रडकथा न लावता वहीतल्या तारखा देऊन निवेदन करा.

पदविकेवर नोकरीला लागलेल्यांनी पदवीचंही बघावं. पूर्वी नोकरी सांभाळून एएमआयई करीत. पण केंद्र सरकारनं तिला पदवीचा दर्जा दिला तो ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच. कोणी जुनी जाहिरात दाखवली तर पैसे भरू नका. आता नोकरदारांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं वेगळे पदवी अभ्यासक्रम मान्य केले आहेत. जवळच्या महाविद्यालयात तसा वर्ग आहे का, हे आधी विचारा, आणि खात्याची लेखी परवानगी घेऊनच प्रवेश घ्या. अभ्यास पहाटे करावा. घाटातल्या एसटीत पुस्तक उघडलं की पोटात ढवळतं, हा स्वानुभव!

आणि हो, निवेदन असो की परवानगीचा अर्ज, दोन प्रती न्या. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी आणा. आमच्याकडे त्या रेशनकार्डाच्या पिशवीत असतात.